रंगाला भुलून घेतलेली दोन नॅरोगेज मॉडेल इंजिनं: दिवाळीपासून भर पावसाळ्यापर्यंत वापरल्यावर

आधी निकाल सांगतो, बाकीचं सवडीनं वाचा. दोनांतलं जे इंजिन पेटीतून काढल्यावर घरातल्या सगळ्यांनी हातात घेऊन बघितलं, ते आता बहुतेक वेळ काचेच्या कपाटात असतं. आणि ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही, ते रोज रात्री जेवणानंतर गाडी ओढतं.

दोन्ही इंजिनं ओओ-नाईनची, म्हणजे स्केल १:७६ आणि रूळ ९ मिलिमीटर. पहिलं बाल्डविनचं ४-६-० टँक इंजिन (पुढं चार छोटी चाकं, मग ओढणारी सहा, मागं एकही नाही; पाण्याच्या टाक्या अंगावरच), साध्या लष्करी काळ्या रंगात. दुसरं क्वारी हन्स्लेट, वेल्समधल्या दगडी पाट्यांच्या खाणींत चालायचं ते चार चाकी, बॉयलरवर खोगीर टाकी बसवलेलं. हे पेनऱ्हिन खाणीच्या रंगात आहे, चकचकीत काळ्यावर लाल आणि निळ्या बारीक रेघा. आकार विचाराल तर काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं, बस.

कोल्हापुरात हे मिळत नाही हे सांगायला नकोच. २०२० मध्ये खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. तुमचं पार्सल कुठल्या खात्यात टाकायचं हे शेवटी कस्टमवाल्याच्या टेबलावर ठरतं, त्यामुळे मागवण्याआधी किमतीच्या दुप्पट खर्च मनात धरूनच चालायचं. हन्स्लेट असंच पार्सलनं आलं, आणि विकणाऱ्यानं पेटीभोवती कागदाचा एक बोळासुद्धा कोंबला नव्हता. एक पायरी तुटून पेटीत पडलेली. मेल केला, उत्तर आलं, पायरी काही आली नाही. सुपरग्लूनं चिकटवली, आता भिंगाशिवाय कळत नाही. बाल्डविन मात्र लंडनला नोकरी करणाऱ्या मित्राच्या मुलानं सामानात आणलं, सॉक्समध्ये गुंडाळून, आणि त्याला ओरखडाही नव्हता.

आता स्केलचं गणित, कारण आपल्याकडच्या माणसाला इथंच पहिला अडथळा येतो. आपल्या मनातली नॅरोगेज म्हणजे मिरजेहून पंढरपूरला जायची ती बार्शी लाईट. ती अडीच फुटी, ७६२ मिलिमीटर. तिला ९ मिलिमीटरच्या रुळावर आणायचं तर युरोपातली एचओई, म्हणजे १:८७ ची स्केल जवळजवळ तंतोतंत बसते. भागाकार केला की ८.७६ येतात. ब्रिटिश ओओ-नाईनमध्ये तोच रूळ सव्वादोन फुटांचा होतो. वेल्समधल्या टॅलिलिनची लाईन खरोखर सव्वादोन फुटीच आहे, पण बाल्डविन आणि हन्स्लेट मुळात सुमारे दोन फुटांची. म्हणजे ही मॉडेलं किंचित रुंद रुळावर उभी आहेत. समोरून बघितलं तर जाणवतं, बाजूनं अजिबात नाही. खरी गोची माणसांच्या पुतळ्यांत होते. १:८७ चा हमाल बाल्डविनच्या कॅबशेजारी उभा केला की शाळकरी पोर वाटतो. माझ्या फलाटावर म्हणूनच सगळी माणसं इंजिनापासून लांब उभी आहेत.

माझी पाटी चार फूट बाय दोन फूट प्लायवूडची. रूळ पेको या ब्रिटिश कंपनीचे, नऊ इंची त्रिज्येचं वळण, २२८ मिलिमीटर. एवढ्या जागेत ब्रॉडगेज करायला गेलात तर स्टेशनातच गाडी संपते. नॅरोगेजचा हा फायदा पेठेतल्या घरात राहणाऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पुण्याला कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात जाऊन आलेला माणूस घरी येऊन पहिल्यांदा खोल्यांची मापं घेतो. मग थंड होतो. नॅरोगेजवाला तसा थंड होत नाही.

चालीबद्दल. बाल्डविनमध्ये कोअरलेस मोटर आहे. साध्या मोटरच्या आर्मेचरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, लोखंडाचा गाभा असतो, चुंबक त्याला टप्प्याटप्प्यानं खेचतो, म्हणून अगदी हळू चालवताना इंजिन आचके देतं. कोअरलेसमध्ये तो गाभाच नसल्यानं आचके नाहीत. नॉब अगदी कणभर फिरवला तरी चाकं सरकायला लागतात आणि कनेक्टिंग रॉड वर-खाली होताना मोजता येतो. उद्यमनगरात माझं निम्मं आयुष्य लेथवर गेलंय. गिअर कुठं घासतोय हे कानाला कळतं. पहिले काही दिवस या इंजिनाला पुढच्या दिशेनं बारीक किरकिर होती. दोन्ही दिशांना तास-तासभर मोकळं पळवलं, गिअरला सुईच्या टोकानं तेलाचा एक थेंब दिला, आणि किरकिर गेली ती गेलीच. थेंब म्हणजे एकच. जास्त तेल फिरत फिरत चाकांवर येतं आणि मग रूळ धरत नाहीत.

कोअरलेसचं एक पथ्य आहे. गाभा नाही म्हणजे उष्णता शोषायला वस्तुमान नाही, मोटर पटकन तापते. जुन्या पद्धतीचे फीडबॅकवाले किंवा कमी फ्रिक्वेन्सीचे पल्स कंट्रोलर हिला लावू नयेत. मी शाहूपुरीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडून साधा गुळगुळीत डीसी देणारा १२ व्होल्टचा कंट्रोलर बनवून घेतला, त्यावर अजून तक्रार नाही.

हन्स्लेटची गोष्ट निराळी. मोटर चांगली आहे, आवाज नाही, ट्रायलला सरळ रुळावर झकास पळालं. पण चारच चाकं, आणि दोन आक्सलमधलं अंतर जेमतेम दोन सेंटिमीटर. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या सांध्यात, रूळ एकमेकांना छेदतात तिथं जो प्लॅस्टिकचा तुकडा, म्हणजे फ्रॉग असतो, तिथं वीज नसते. सहा चाकी इंजिनाची बाकीची चाकं तेवढ्यापुरती वीज घेत राहतात. या बाळाची अर्धी चाकं फ्रॉगवर आणि उरलेल्यांतल्या एकाखाली धुळीचा कण आला की गाडी जागेवर थांबते. मग बोट लावायचं. पाहुण्यांसमोर बोट लावताना जीव जातो. यात इंजिन बनवणाऱ्याची चूक नाही, मूळ इंजिनच एवढं आखूड आहे. खाणीच्या अरुंद पायरीवर वळायचं तर तसंच लागणार. लीड्सच्या हन्स्लेट कंपनीनं ही इंजिनं १८७० पासून १९३२ पर्यंत याच बेतानं बांधली. डीसीसी, म्हणजे रुळातून डिजिटल संदेश पाठवून इंजिन चालवणारे लोक इंजिनातल्या डीकोडरला कॅपॅसिटर जोडतात, तो असल्या जागी क्षणभर वीज पुरवतो. साध्या डीसीवर ते सुख नाही. मग मी सांधेच बदलले, धातूचा जिवंत फ्रॉग असलेले घेतले आणि फ्रॉगला वेगळी वायर सोल्डर करून स्विचवर आणली. थांबणं बरंच कमी झालं. बंद झालं नाही.

त्यात आपली हवा. ऊस तोडून झाला की शेतात पाचट पेटवतात आणि गळीत हंगामात संध्याकाळी काळ्या पातळ पापुद्र्यांची काजळी गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि उघड्या खिडकीतून थेट माझ्या रुळांवर येऊन बसते. पावसाळ्यात काजळी नसते, पण दमट हवेनं रुळांवर करडा थर चढतो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचो. आता रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन सुती कपड्यावर घेऊन रूळ पुसतो आणि वर कोरडा कपडा मारतो. थर परत धरायला जास्त दिवस लागतात. दोन्हींपैकी काहीही इंजिनाच्या अंगाला लावू नका. अल्कोहोलनं छापील रेघ उठते. हन्स्लेटच्या पोटाखाली, न दिसणाऱ्या अक्षरावर कापसाचा बोळा फिरवून बघितला होता, बोळा काळा झाला.

इथं मला बार्शी लाईटचा इंजिनिअर कॅल्थ्रॉप आठवतो. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपनं १८९७ मध्ये लाईन सुरू केली तेव्हा त्याचा एकच हट्ट होता, एका आक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. म्हणून लीड्सच्या किटसनकडून त्यानं ०-८-४ अशी लांबलचक इंजिनं करून घेतली, वजन जितक्या चाकांवर वाटता येईल तितकं वाटलं. हलका रूळ, स्वस्त लाईन. मॉडेलमध्ये सगळं उलटं. इथं वजनच कमी पडतं. बाल्डविनच्या बाजूच्या टाक्यांत आणि बॉयलरमध्ये धातू भरलेला आहे, ते सपाटीवर सहा बोगी वॅगन सहज नेतं. चढावर चार. हन्स्लेटला रिकाम्या टिपर वॅगनी भरपूर चालतात, पण त्यांत खडी भरली की चाकं जागेवर फिरतात. टाकीच्या आत थोडी मोकळी जागा आहे, तिथं शिशाची पट्टी कापून बसवली, समोर आणि मागे सारखी. आक्सल मधोमध नसेल आणि वजन एका बाजूला पडलं तर इंजिन नाक वर करून चालतं.

आता ज्याच्यासाठी पैसे मोजले त्या रंगाकडे येतो.

हन्स्लेटच्या रेघा बघण्यासाठी गुजरीतल्या सोनार मित्राच्या दुकानात गेलो. त्यानं डोळ्याला लावायचं भिंग दिलं आणि स्वतःही बघितलं. लाल रेघ आणि तिच्या आतली निळी, दोघींमध्ये काळ्याची केसाएवढी फट, आणि ती फट टाकीच्या वळणावरसुद्धा तेवढीच राहते. हे ब्रशचं काम नव्हे. याला पॅड प्रिंटिंग म्हणतात: कोरलेल्या पट्टीवर शाई, तिच्यावर मऊ सिलिकॉनचा गोळा दाबायचा, मग तोच गोळा इंजिनाच्या अंगावर. गोळा मऊ असल्यानं गोलाईवर शाई बसते. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. एक ठसा जरी कणभर सरकला तरी लाल-निळ्याची जोडी विस्कटते. मित्रानं कोपऱ्यात एके ठिकाणी लाल किंचित जाड पडलेला शोधून काढलाच. सोनाराची नजर, दुसरं काय. पण तोही म्हणाला, “हुपरीच्या कारागिराला जमंल, पर मशीनवर एवढ्या सफाईनं… मानलं.”

याच चकाकीची वापरात पंचाईत होते. चकचकीत काळ्यावर बोटाचा ठसा उमटतो, धूळ उठून दिसते, आणि घामट हातांनी तीन-चार वेळा उचललं की टाकीच्या कडेवरची रेघ निस्तेज होऊ लागते. मे महिन्यात कोल्हापुरात कोणाचा हात घामट नसतो? मी सुती मोजे घालून उचलतो. भाचा घालत नाही. शिवाय पावसाळ्यात मूळ पेटीतल्या फोममध्ये किंवा प्लॅस्टिकच्या साच्यात इंजिन दाबून ठेवू नये, दमटपणात फोम रंगाला चिकटून डाग पाडतो. दोन्ही इंजिनं काचेच्या कपाटात, खाली सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्या महिन्यातून एकदा तव्यावर गरम करून परत.

बाल्डविनच्या काळ्या रंगाला असलं काहीच सोसावं लागत नाही. मॅट आहे, ठसे दिसत नाहीत, थोडी धूळ बसली तर उलट खरं वाटतं. मूळ इंजिनाचा इतिहासही तसाच राबलेला आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करानं अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्याकडून ही ४९५ इंजिनं मागवली, १९१६-१७ मध्ये. फ्रान्समधल्या आघाडीमागं तात्पुरत्या रुळांवर दारूगोळा आणि रसद ओढायला. साडेचौदा टन वजन, उंच बांधा, वाकड्या रुळावर कलंडायची खोड. युद्ध संपल्यावर सरकारनं विकून टाकली. काही डर्बीशरच्या ॲशओव्हर लाईट रेल्वेला गेली, काही वेल्सला, आणि बरीच हिंदुस्थानात आली. उत्तर प्रदेशातल्या साखर कारखान्यांत ती कित्येक वर्षं ऊस ओढत होती, आणि आज इंग्लंडमध्ये जपून ठेवलेली बाल्डविनं तिथूनच परत नेलेली आहेत. उसाच्या मुलखातल्या माणसाला हे वाचल्यावर दुसरं इंजिन घ्यावंसं वाटेल का, तुम्हीच सांगा.

म्हणून मी ठरवलं, माझं बाल्डविन ऊस ओढणार. लष्कराचा पांढरा नंबर घालवून मराठीत अक्षरं टाकायची. पाण्यात भिजवून चिकटवायच्या डिकल पेपरवर लेझर प्रिंटरनं अक्षरं छापता येतात, पण साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, काळ्यावर पांढरं येणार कसं? रेडियमवाल्याकडे गेलो. तीन मिलिमीटरची वेलांटी त्याच्या ब्लेडला कापवेना आणि कापली तरी अंगावर जाड दिसली. शेवटी एका जुन्या पेंटरमामांकडे गेलो. त्यांनी उमेदीत सिनेमाचे मोठाले बोर्ड रंगवलेत, आता ट्रॅक्टर-ट्रॉलीवर नावं टाकतात.

“काय वो भाऊ, खेळण्यावर बी नाव टाकायचं व्हय?”

“टाकायचं मामा. जमंल का बघा.”

त्यांनी चष्मा काढून दुसरा घातला, इंजिन उलटंसुलटं फिरवलं, ब्रशाचे केस ब्लेडनं कापत कापत तीन-चारच ठेवले. आधी नंबरवर काळ्या रंगाचा चौकोन मारला, पंख्याखाली ठेवला. ऑइल पेंट वाळायला वेळ लागतो, दुसऱ्या दिवशी या म्हणाले. दुसऱ्या दिवशी मनगट टेबलावर टेकवून, श्वास धरून टाकीवर ‘ऊस वाहतूक’ लिहिलं. कॅबवर ‘४’. शिरोरेघ शेवटी, एका झटक्यात. मग मागं सरकून बघितलं आणि म्हणाले, “पुढं मोकळं दिसतंय. ‘अंबाबाई प्रसन्न’ टाकू काय?”

टाकलं. स्मोकबॉक्सच्या, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या तोंडाच्या वर, अर्धगोलात. ‘प्रसन्न’मधला जोडाक्षराचा न वाचायला भिंग लागतं, पण आहे.

काळ्या चौकोनाची चमक बाकीच्या मॅटपेक्षा थोडी वेगळी पडली आणि आडव्या उजेडात खालच्या पांढऱ्या आकड्याची कड हलकी उमटते. मला ते फार आवडलं. लष्कराकडून लिलावात आलेल्या इंजिनावर कारखान्याच्या पेंटरनं काय केलं असतं? हेच.

हे पेनऱ्हिनच्या इंजिनावर करायची हिंमत माझ्यात नाही. ते इंजिन जसं छापून आलं तसंच राहणार, त्याच्यावर माझं काही चालत नाही. सुंदर आहे, पण वेल्सचं आहे.

दरवर्षी कंपन्या नवीन मॉडेलांची यादी जाहीर करतात तेव्हा त्यातली निम्मी ‘नवीन’ इंजिनं ही जुन्याच साच्यातून निघालेली, नवा रंग चढवलेली असतात. यात फसवणूक नाही, धंद्याचं सरळ गणित आहे. साचा करायला प्रचंड खर्च येतो, छपाईचा ठसा बदलायला त्यामानानं किरकोळ. बाल्डविनसारखं इंजिन तर यासाठी वरदानच, कारण मूळ इंजिनं इतक्या लाइनींवर गेली की प्रत्येकीचा रंग निराळा. पण नुसत्या रंगावर जाऊ नका. त्या लाईनवर गेल्यावर धुराडं बदललं का, कॅब छाटली का, बफर कुठले लावले, हे त्या वर्षाच्या फोटोशी ताडून बघा. रंग बरोबर आणि अंग दुसऱ्याच इंजिनाचं, असं होऊ शकतं.

सांगलीच्या मित्राकडे इंग्लंडातल्या लिंटन अँड बार्नस्टेपल लाईनचं, मॅनिंग वॉर्डल कंपनीचं २-६-२ आहे, तिथल्या सदर्न रेल्वेच्या हिरव्यात. तो रंग १९२३ नंतरचा, सदर्ननं लाईन ताब्यात घेतल्यावरचा. हिरवा इतका सुरेख की आमच्याकडे चालवायला आणलं तेव्हा बाल्डविन मी गपचूप शेडमध्ये ढकललं. त्या लाईनवरचं ‘ल्यू’ हे खरं इंजिन १९२५ साली आलं, दहा वर्षांत लाईनच बंद पडली, आणि १९३६ मध्ये ते बोटीनं ब्राझीलला गेलं. पुढं त्याचं काय झालं याचा पत्ता आजवर लागलेला नाही. मित्र म्हणतो, ते असतं तर हाच हिरवा असता का कोण जाणे.

टिकाऊपणाचं थोडक्यात. बाल्डविनच्या चाकांमधलं अंतर कॅलिपरनं मोजलं, साडेसात मिलिमीटरच्या आसपास, सगळ्या आक्सलवर सारखं, चाक डगमगत नाही. पुढची छोटी बोगी नऊ इंची वळणावर सुरुवातीला उतरायची. बोगीच्या स्प्रिंगखाली एक पातळ वॉशर टाकला, आता उतरत नाही. हँडरेल दोन्ही इंजिनांची नाजूक आहेत. उचलताना नेहमी टाकीला धरायचं, कॅबला नाही. सुटे भाग इथं मिळत नाहीत, त्यामुळे पायरी, शिडी, कपलिंग जे तुटेल ते आपणच घडवायचं अशी तयारी असली तरच या वाटेला या. ज्यांना बार्शीचंच काही हवंय, त्यांना जपानच्या काटो कंपनीची छोटी चार चाकी एन गेज (रूळ तोच, ९ मिलिमीटरचा) चॅसिस घेऊन वर थ्रीडी प्रिंटची बॉडी बसवणं सगळ्यांत सोपं पडेल. मी त्यावर १:८७ ची एक छोटी डिझेल शंटर करतोय, बॉडी इथल्याच एका पोरानं छापून दिली, थरांच्या रेघा घासून काढायचं काम चालू आहे.

आणि हो, कॅल्थ्रॉपचा विषय निघालाच आहे तर. बार्शीनंतर त्यानं इंग्लंडात स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी लाईन उभी केली, १९०४ मध्ये सुरू झाली. इंजिनं पुन्हा किटसनची, २-६-४. डबे फिकट पिवळे. बार्शीची धाकटी बहीण म्हणायला हरकत नाही. तिचं इंजिन कुणी १:८७ मध्ये तयार विकायला काढलं, तर पैसे आगाऊ भरायला मी तयार आहे. रंग त्यांना हवा तो द्या, वरची अक्षरं मामा बघतील.